फक्त नेट

अर्जावर दोनच चौकोन होते:
सेवा चालू. सेवा बंद.
मला मधलं काहीतरी हवं होतं,
म्हणून समासात बारीक अक्षरात लिहिलं:
फोन नको. नेट राहू द्या.

हुपरीकर बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"वायर एकच आहे हो," म्हणाल्या.
"फोन गेला की खातं गेलं,
आणि नेट त्याच खात्यावर.
डिपॉझिटची मूळ पावती आणलीये?"

पावती सत्त्याऐंशीची.
तिच्यासाठी अप्पांनी आठ वर्षं नाव लावून ठेवलं होतं,
पण हे बाईंना काय सांगायचं.
माझ्यामागे रांगेत एक गृहस्थ
बंद पडलेला राउटर
आजारी कोंबडीसारखा धरून उभे होते.

आमचा नंबर आधी सहा आकडी,
मग सात, मग पुढे दोन लागला.
त्याच्याशेजारी पी.पी. लिहून
बिबवेवाडीतल्या आमच्या अख्ख्या इमारतीने
नोकऱ्यांचे अर्ज केले.
तिसऱ्या मजल्यावरच्या सय्यद सरांची बदली,
फुलसुंदरांच्या मुलीला झालेला मुलगा,
सगळं आधी आमच्या पॅसेजमध्ये यायचं,
क्रोशाच्या रुमालाखाली.
अप्पा गॅलरीत जाऊन हाक द्यायचे.
हाक अशी, की खालचा इस्त्रीवाला
आपल्यालाच बोलावलं समजून वर बघायचा.
वाईट बातमी असली तर मात्र हाक नाही.
चपला घालून स्वतः जिना चढायचे.
लोक त्यांच्या चपलांच्या आवाजाला भ्यायचे.

आता अप्पांना ऐकू येत नाही.
आधी उजवा कान गेला, करोनाच्या वर्षी डावा.
अठ्ठावीस हजारांचं यंत्र
कपाटात, डबीत, एकटंच शिट्या मारतं.
फोन त्यांच्या कोपराशी वाजत राहायचा
आणि ते शब्दकोड्यात आडवा तेरा शोधत असायचे.
मी कणकेच्या हातांनी धावत यायची,
तर पलीकडून: क्रेडिट कार्ड हवंय का, मॅडम?

पण रात्री साडेनऊला
ते टॅब उभा करतात, साखरेच्या डब्याला टेकवून.
नागपूरहून सय्यद सर बोलतात
आणि खाली अक्षरं उमटतात,
थोडी उशिरा, थोडी चुकीची.
सर म्हणतात पेन्शन, पडद्यावर येतं टेन्शन.
अप्पा म्हणतात, दोन्ही बरोबर आहे,
आणि इतक्या मोठ्याने हसतात
की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात.

बाईंना मी एवढंच म्हटलं,
"घरात ऐकणारं कोणी नाही. वाचणारे आहेत."
बाई जरा थांबल्या.
"मग हे समासात का लिहिलंत?
खाली 'कारण' म्हणून रकाना आहे की.
आणि दोन झेरॉक्स लागतील."

अकरा दिवस नेट नव्हतं.
साडेनऊला अप्पा टॅब उभा करायचेच.
काळ्या पडद्यात आपलंच तोंड बघायचे,
भांग नीट करायचे, आडवा करून ठेवायचे.
बाराव्या दिवशी रोहिदास नावाचा मुलगा आला,
केसाएवढी काचेची तार घेऊन.
जुनी तांब्याची त्याने भिंतीतून ओढून काढली,
सोबत पस्तीस वर्षांचा रंग पोपडे होऊन आला.
वेटोळं करून विचारलं, "टाकून देऊ, काका?"
काकांनी ऐकलं नाही.
पण हात पुढे केला.

काल बाजारातून मी सवयीने घरचा नंबर लावला,
लिंबं किती आणू विचारायला.
हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं
एका बाईने मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग इंग्रजीत.
लिंबं सहा घेतली.

घरी आले तर गॅलरीत
दोन खिळ्यांमध्ये ती जुनी तार ताणलेली,
तिच्यावर अप्पांचे चार रुमाल.
आणि अप्पा कठड्याशी उभे राहून
इस्त्रीवाल्याला हाक मारत होते,
कारण नसताना.
त्याने वर बघितलं.