रकाना सात

कोकण भवनाच्या फाटकासमोर
निळ्या ताडपत्रीखाली माझं टेबल.
प्रतिज्ञापत्र साठ रुपये, झेरॉक्स दोन,
चूक माझी असली तर दुसरी प्रत फुकट.

पारतिन आली तेव्हा मी डबा उघडला होता.
सुकटीच्या वासानं ती थबकली,
म्हणाली, आमच्याकडेही मासे वाळवतात,
फक्त समुद्राचे नाहीत.
मग पिशवीतून फाइल काढली.
भाऊ बियाकथांग, वय एकोणीस,
खारघरच्या इस्पितळात, रक्ताचा कर्करोग.
दिल्लीहून आलेलं एक पत्र, लॅमिनेट केलेलं,
हिला परत पाठवू नये असं सांगणारं,
आणि एक कोरा अर्ज, ज्याला ते पत्र पुरत नाही.

रकाना पाच : सीमा कोणत्या तारखेस ओलांडली?
ती बोटांवर मोजायला लागली.
मिठासाठी, दर महिन्याला.
नाताळच्या गाण्यांना, कारण ढोल पलीकडच्या चर्चमध्ये.
मावशीच्या लग्नात, डोक्यावर कोंबड्यांचं डालगं घेऊन
गुडघाभर टिआउ नदीतून.
कोंबड्यांनाही कुणी काही विचारलं नव्हतं.
आधी सोळा किलोमीटरची मुभा होती,
मग दहाची, मग चिठ्ठी लागायला लागली,
मग मापं घेणारे आले
आणि खांबांसाठी खड्डे.
शेवटची वेळ रात्रीची. मागे गाव जळत होतं.
भाऊ पाठीवर. पाणी तेवढंच, गुडघाभर.
"त्या एकाच वेळेला ओलांडणं म्हणतात ना?
मग तीच तारीख लिहा."
लिहिली.

रकाना सात : कायमचा पत्ता.
इथे माझीच बोटं अडखळतात,
अर्ज कुणाचाही असो.
माझं गाव कोंबडभुजे. बाबा उलव्याच्या चिखलात
निवट्या धरायला उतरायचे,
वाटेत भेटेल तो म्हणायचा, "कय चाललास रं?"
तेवढीच चौकशी. उत्तर नाही दिलं तरी चालायचं.
आता तिथे काच, काचेमागे शिक्का घेतलेला साहेब,
आणि पिवळ्या रेघेअलीकडे
बॅगा धरून उभी माणसं.

मी पारतिनला म्हटलं,
तुमची नदी जागेवर राहिली, देश तिच्यावरून सरकले.
आमची तर नदीच उचलून बाजूला ठेवली.
तिला हसू आलं. नदी उचलतात?
उचलतात, म्हटलं. डोंगरसुद्धा.
त्यासाठी वेगळा अर्ज असतो, तोही मीच टाइप करते.

मग तिनं हळूच विचारलं
कुठल्याच रकान्यात नसलेलं.
त्यांच्यातला मेलेला माणूस रिह नावाच्या तळ्याशी जातो,
तिथून पुढे, मेलेल्यांच्या गावी.
तळं सीमेच्या त्या बाजूला.
या बाजूला मरणारेही आजवर तिकडूनच गेले.
भाऊ रात्री विचारतो, खारघरहून वाट कशी,
आणि तारेला
मेलेल्यांपुरती फट ठेवलीय का.
"आम्ही चर्चला जाणारी माणसं. असलं मानत नाही.
पण तो विचारतो."

वरून विमान गेलं. ताडपत्री फडफडली,
कागद उडू नये म्हणून मी त्यावर डबा ठेवला.
मग डबा उचलला आणि टाइप केलं :
कायमचा पत्ता, टिआउ नदी.

तिनं साठ रुपये मोजून दिले.
मी वीस परत केले, ते घेतले नाहीत,
डब्यातली चिमूटभर सुकट उचलली,
तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिली.

अर्ज चौथ्या दिवशी परत आला.
सातव्या रकान्याभोवती लाल शाईचं वर्तुळ,
समासात बारीक अक्षरांत शेरा :
कोणता काठ, ते स्पष्ट नमूद करावे.