आतून बाहेर

दाराला बोट मुडपून टिचकी मारायची.
पत्रा असेल तर टण्ण म्हणतं,
पुट्टी असेल तर ढब,
गंज असेल तर काहीच म्हणत नाही,
बोटच आत जातं.
माशेलात वीस वर्षं डेंटिंग करून मी एवढंच शिकलो.
बाकीचं एर्मेलिंदबायच्या गाडीने शिकवलं.

पांढरी गाडी, पाच वर्षांची, दिवाडीची.
फेरीबोटीतून जुन्या गोव्याला उतरायची,
सोमवार, बुधवार, शुक्रवार नवरा मागच्या सीटवर,
बांबोळीला, रक्त धुऊन आणायला.
गेल्या सप्टेंबरात धक्क्यावर एका टेम्पोने रिव्हर्स घेतला
आणि चालवणाऱ्याच्या बाजूचं दार
पिळलेल्या फडक्यासारखं झालं.

विम्याचा सर्व्हेअर गॉगल न काढता वाकला,
चार फोटो काढले, लिहून गेला:
खालचा गंज जुना, अपघाताचा नव्हे.
मी दार सरळ केलं, रंगवलं.
वर्षभरात दोन्ही दारं कडेला फुगली, पापडासारखी.
मग कंपनीचा माणूस आला, नखाने रंग खरवडला,
लिहून गेला:
गाडी अपघाताची, बाहेर दुरुस्त केलेली, गंज आमचा नव्हे.
हिश्श्यात कोणीच न उचललेल्या टोपासारखा
तो गंज मध्येच पडून राहिला.

वॉरंटीचं पुस्तक तिने मला वाचायला दिलं.
सहा वर्षं, असं लिहिलंय,
पण भोक आरपार हवं,
आणि आतून बाहेर पडलेलं हवं.
बाहेरून आत गेलेल्याला ते गंज म्हणत नाहीत,
हवामान म्हणतात.
मी विचारलं, बाय, तुमच्याकडे हवामान कुठून येतं?
ती म्हणाली, नदीकडून.
आणि नदी सगळीकडून.

पर्वरीला ग्राहक आयोगात मला साक्षीला बोलावलं.
सदरा इस्त्रीचा होता, नखांचं काय करणार.
वकिलाने नाव नीट उच्चारलं:
गुणो च्यारी, उजव्या दाराला आतून प्रायमर मारला होता?

तो गुरुवार.
पाऊस, वीज गेलेली, कंप्रेसर मुका,
आणि फाटकात ती, छत्री न उघडता:
उद्या डायलिसिस आहे गुणो, कशीही दे.
कशीही दिली.
बाहेरून अशी, की तिने त्यात केस नीट केले.
आत खालच्या कडेला, जिथे कोणी बघत नाही,
तिथे रेड ऑक्साइडचा डबा मी उघडलाच नाही.
वाटलं होतं, पाऊस गेला की बोलावून मारू.
पाऊस गेला. आणखी गाड्या आल्या.

नाही मारला, म्हणालो.
मागच्या बाकावर पर्सची चेन लागल्याचा आवाज झाला.

मग म्हणालो, पण साहेब, डावं दार!
डाव्याला मी हातसुद्धा लावलेला नाही.
पाणी जायची भोकं कंपनीच्याच मेणाने बुजलीत,
पाच पावसाळे आहेत त्यात,
येऊन ऐका.
वकील म्हणाला, विचारलं तेवढंच सांगा.
टायपिस्टने तेवढंच टाइप केलं.
पुढची तारीख.

तिने मला गाडीत घेतलं, का ते माहीत नाही.
रायबंदरपर्यंत दोघंही वायपरकडे बघत होतो,
पाऊस नव्हता.
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर मी उतरलो, माशेलच्या बससाठी,
आणि सवयीने डावं दार जोरात लावलं.
आत, पत्र्याच्या पोकळीत,
काहीतरी वरून खाली सांडत गेलं,
सुपातून रवा सांडावा तसं, सावकाश.
ऐकलंत? मी म्हणालो.
रोज ऐकते, ती म्हणाली.

फेरीबोटीची फळी खाली आली. तिने गिअर टाकला, परत काढला.
प्रायमर सुकायला किती लागतात?
दोन दिवस, म्हणालो. खरे दोन.
शुक्रवारी दुपारी आणते, म्हणाली,
सोमवारी सकाळी सहाला मात्र हवी.