पान चौथे, ओळ अकरावी

विट्याच्या दुय्यम निबंधक कचेरीसमोर
पत्र्याच्या शेडात माझं टेबल.
पाटीवर नाव : हि. रा. तांबोळी, परवानाधारक दस्तलेखक.
त्याखाली मुलीनं लाल रंगात वाढवलंय :
झेरॉक्स, पॅनकार्ड, लाइट बिल.

मी वकील नाही.
लोक तरी वकीलसाहेबच म्हणतात.
पहिली दहा वर्षं मी दुरुस्त करायचो,
आता नुसता सातबारा पुढे ओढून घेतो.

बोललेलं लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं.
पूर्वेस गट नंबर चारशे बारा, दक्षिणेस गाडीवाट,
पश्चिमेस ओढा,
उत्तरेस लिहून देणाराचीच उरलेली जमीन,
आणि आत जे काही असेल ते
दगड, झाड, गवत, पाणी, निधी-निक्षेपासह.
निधी अजून कुणाला सापडल्याचं ऐकलं नाही.
एकाला कुदळीचं पातं सापडलं होतं,
ते परत करायला तो माझ्याकडे आला.

सल्ला द्यायचा मला परवाना नाही.
सल्ला पलीकडच्या गाळ्यात, काळ्या कोटात.

मार्चची अखेर, रेडीरेकनर वाढायच्या आधीची गर्दी.
सेलमहून दोघे भाऊ आले, गलाईवाले,
बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग.
मागून बहीण, सुगंधा भ्रतार महादेव निकम.
हक्कसोडपत्र. एक हेक्टर वीस आर,
पोटखराबा तीन.
मोबदला : निरंक.

थोरला सांगत गेला, मी टाइप करत गेलो.
‘मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाखाली न येता’
हे वाक्य मला लिहावं लागत नाही,
मशिनीत साठवलेलं आहे,
एक बटण दाबलं की येते
कुणाचीही राजीखुशी.

भाऊ चहा सांगायला गेले.
ती म्हणाली, दादा, करू का सही?

मी स्टेपलर उघडून बघितला.
पिना होत्या.
डोक्यावर परवाना लटकत होता,
फ्रेमीच्या कोपऱ्यात पाणी शिरलेला.
म्हटलं, ताई, ते मला विचारू नका.

मग चौथं पान परत उघडलं. ओळ अकरावी.
गट नंबर दोनशे सदतीस.
सदतीसचं मी एकोणचाळीस केलं
आणि प्रिंट दिली.

सहीआधी आत तपासतात.
शिंत्रेबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही,
तेवढ्याच भरवशावर होतो.
बाहेर येऊन भावांना म्हटलं, चूक माझी.
टोकन गेलं. उद्या अकराचं घेतो.
थोरला बोलला ते बोलला.
तीस वर्षांत गट नंबर न चुकलेला माणूस मी,
मान खाली घालून शंभर रुपये कमी केले.

एक रात्र.
तिला काय आठवलं असेल, कुणाला फोन केला असेल,
केलाच नसेल,
मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा चष्मा घेऊन आली.
सात पानं वाचली, ओळीखाली बोट धरून.
राजीखुशीपाशी बोट थांबलं.
हे खोडता येतं?
खोडलं तर दस्त टिकायचा नाही.
मग राहू द्या, म्हणाली,
पण ओढा नीट लिहा. तो पश्चिमेला कुठाय आता?
माझं लग्न झालं त्या साली पूर आला न्‌ वळला,
बांधाची करंजं घेऊन गेला.
भावांनी एकमेकांकडे बघितलं.
त्यांना करंजं आठवत नव्हती.
मी लिहिलं : वायव्येस ओढा.

सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला.
फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.
गाडी सेलमच्या वाटेला लागली,
ती एसटी स्टँडकडे.

चुकलेली प्रत फाडायची असते.
ती माझ्या खणात आहे, स्टँपपॅडच्या डबीखाली,
कुणाचीही सही नसलेली.
गट नंबर दोनशे एकोणचाळीस कुणाचा,
ते मी अजून बघितलेलं नाही.