काठाशी रुंद

जाड हवंय, गिऱ्हाईक म्हणतं, पण फुगलेलं नको.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवते.
हा बघा.
ह्याच्या कान्याला वेगळे पाय जोडलेले नाहीत,
दांडी खाली येता येता आपणच पसरते,
घागरीचा गळा काठाशी येऊन
बाहेर वळतो, तेवढीच.
कुठून पसरायला लागली, बोटाला सापडत नाही.

भद्रकालीत, ह्याच दुकानाच्या मागच्या अंगाला
पुंजाबाबा भांड्यांवर नावं घालायचे.
छिन्नी तिरपी, हातोडी हलकी,
रेघ संपवताना मनगट जरा दाबायचे
आणि तांबं तिथं रुंद उघडायचं.
चार आणे अक्षर. जोडाक्षराला जास्त नाही.
वाचता येत नव्हतं त्यांना,
चिठ्ठी समोर ठेवून दिसेल तसं काढायचे.
एकदा शाईचा थेंबही इमानाने कोरला
आणि कुणा बाबूचा
पिढ्यान्‌पिढ्यांसाठी बांबू झाला.

भांडीबाजारातल्या मोडीत बसून
मी हंड्यांवर कागद धरला, शिसपेन्सिल घासली,
तीन वर्षं अक्षरं गोळा केली.
ळ एकाच पिंपावर मिळाला, तोही चेपलेला.
ङ कुठेच नाही.
कोण घालणार ङ पाण्याच्या भांड्यावर?
तो मी माझ्या मनाने केला
आणि तो अजूनही ओळीत
पाहुण्यासारखा अवघडून उभा असतो.

द्राक्षाच्या खोक्यावर छान बसतो हा,
निफाडच्या शेडमधून कंटेनरच्या अंधारात जाताना
नाव सांगायला पुरतो.
मिसळीच्या पाटीवर बसतो.
सराफाच्याही, फक्त वर सोनेरी फासू नका.
औषधाच्या पुडीवर नको,
बारीक केला की ष चं पोट बुजतं.
माफीनाम्याला तर नकोच,
ह्या वळणात माफीसुद्धा
दम दिल्यासारखी वाटते.
पत्रिकेत दोनच नावं ह्यात घ्या,
मामा, आत्या, समस्त आप्तेष्ट
बारीक अक्षरात सुखाने मावतात.

मागच्या पौषात त्यांचा मुलगा आला, रतन.
सातपूरला कंपनीत असतो, गणवेशातच होता.
दशक्रियेचा मजकूर. म्हणाला, सगळा ह्यातच लाव.
लावला.
तिथी, वार, रामकुंड, सकाळी आठ,
दुःख एकदम तावातावाने बोलायला लागलं.
मग एकेक ओळ हडकुळी करत गेले,
शेवटी फक्त नाव राहिलं तसं.

रतन बराच वेळ बघत होता.
अक्षरांतलं त्याला काही कळत नाही,
तो आधीच म्हणाला होता.
मग त्याने काचेवर बोट ठेवलं,
ज च्या दांडीच्या अगदी टोकाशी,
आणि म्हणाला,
इथं दाबलंय.

काचेवरचा तो ठसा मी पुसला,
दोन दिवसांनी.

तर बोला,
तुमची पाटी किती फुटी?