रकाना अकरा

सेतू केंद्रात निकेश फॉर्म भरून देतो.
पन्नास रुपये, फोटोचे वेगळे.
तारतंत्री परवाना. नाव, बापाचं नाव, आयटीआय नागभीड.
रक्तगट?
माहीत नाही, म्हणालो.
ओ पॉझिटिव्ह टाकतो, बहुतेकांचा तोच असतो.
टाकला.

मग त्याचं बोट थांबलं रकाना अकरावर:
आपल्याविरुद्ध कधीही गुन्हा दाखल झाला होता काय?
होय / नाही.
'कधीही' जाड ठशात.

आमच्याकडे होय कोणी म्हणत नाही.
आम्ही हाव म्हणतो,
आणि हाव म्हणायला जागा नाही.

सोळाचा होतो. मंडईची रात्र,
नाटकाचा जनरेटर पहिल्याच अंकात बसला,
नायिका रडता रडता अंधारात थांबली.
कोणीतरी ओरडलं, देवचंदले बलवा, त्याले जमते.

जमत होतं.
बांबूला आकडा, आकड्याला वायर,
वायरला वायर, मधल्या जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
दिवे लागले.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, नायिकेला नाही,
मला.

पहाटेपर्यंत तो जोड खाली उतरला होता
धानाच्या ओल्या बांधीत,
आणि तानाबाई सोनुलेची म्हैस
दावं तोडून तिकडेच आली होती.

बाल न्याय मंडळातला पंखा हळू फिरायचा.
कपॅसिटर गेलेला. मी सगळा वेळ तोच बघत होतो.
पश्चात्ताप होतो का, मॅडमनी विचारलं.
मी म्हणालो, हाव.
लिहिणाऱ्याने लिहिलं, होय.

पुढे मुदत भरली, आदेश आला:
अभिलेख नष्ट करण्यात आला आहे.
खोब्रागडे वकील मॅडम म्हणाल्या,
"सरळ नाही लिही. हे खोटं नाही, देवचंद.
कायद्यानेच पुसलंय. होय लिहिलंस
तर पुसलेलं तूच परत गिरवशील."

पटलं. पण तो आदेश मी
रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलाय.
काही नव्हतंच, हे दाखवायला तेवढाच एक कागद,
आणि त्यावर सगळं आहे,
माझं नाव, कलम, तारीख.
म्हैस तेवढी नाही.

गावाला कोणी आदेश पाठवला नाही.
सरपंचाच्या मोबाइलात मी अजून 'देवा आकडा' आहे.
लाइनमन हाक मारतो तीही तशीच, प्रेमानं.

लिहू का? निकेशनं विचारलं.
मागे सातबाराची रांग.
थांब, म्हणालो.

तानाबाई अंगणात लाखोरी पाखडत होती.
असं असं आहे, सांगितलं.
सूप न थांबवता म्हणाली,
"पैसे तुह्या बापानं देल्ले. तीन खेपेत.
आता कागद काहून इचारते तुले?
इचाराचंच हाये तं मले इचार म्हना."
सूप फिरत राहिलं.
"काजळी नाव होतं तिचं."
माहीत आहे, म्हणालो.
"हाव? मंग झालं."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
एक कोंबडी येऊन दाणे टिपून गेली.
मग म्हणाली, आतला बलप फडफडते, पाहून दे.

आधी मेन बंद केला.
नंतर परत जाऊन बघितलं, बंदच आहे ना.
होल्डरमधली तार सैल होती, एवढंच.
कसली, टेप लावला, नवा, काळा,
आणि बल्ब लागला तेव्हा
ती बाहेरच होती, सुपाकडे बघत.

सकाळी निकेशला म्हणालो,
नाही लिही.
त्यानं लिहिलं, फॉर्म सहीला सरकवला:
वरील सर्व माहिती खरी आहे.

पेन टेकवलं. उचललं.
म्हणालो, तो रक्तगट खोड भाऊ.
दवाखान्यात तपासून येतो.