दोन सूत

टेबल बारा फुटी हवं होतं, अंडाकृती,
म्हणजे कुणी कुणाच्या डोक्यावर बसायला नको.
बुरैमीच्या वर्कशॉपात सागाच्या फळ्या उतरल्या
आणि माझ्या नावाचा कागद आला, दोन सरकारांच्या शिक्क्यांचा:
गुणाजी मेस्त्री, नेरूर, सुतार.

नाक्यावरची खोली नवी. अर्धी यांची, अर्धी त्यांची.
फरशीत पितळेची पट्टी, तीच सरहद्द.
आता दोन्हीकडचे अधिकारी इथं एकत्र बसणार,
एकच यादी वाचणार, एकच कॅमेरा बघणार.
रात्री वाळूतून कोण आलं, ट्रकच्या पोटाखाली काय बांधलं होतं,
ते एकमेकांना तोंडावर विचारणार.

मी यांच्या बाजूचे पाय बसवले.
त्यांच्या बाजूचे बसवायला पट्टी ओलांडली
तर हिलालसाहेब म्हणाले, "पासपोर्ट."
चेष्टा नव्हती.
बाहेर गेलो, रांग धरली, शिक्का घेतला,
वळसा घालून त्याच खोलीत आलो, दुसऱ्या दारानं.
पटाशी पलीकडेच राहिली होती.
पुन्हा रांग.
त्या एका दिवसाचे माझ्या पासपोर्टवर सहा शिक्के आहेत
आणि मी काम केलं ते एकाच टेबलाचं.

संध्याकाळी दोन्ही कॅप्टन आले.
छातीवरच्या पाट्यांवर आडनाव एकच, काबी.
आजोबा एकाच पाटाचं पाणी पाळीपाळीनं घ्यायचे
हे त्यांनी उभ्याउभ्याच काढलं, कॉफी ओतता ओतता.
मग एकानं कोपर टेकलं
आणि टेबल डुललं.
कॉफी पट्टीच्या दिशेनं निघाली.

फरशी दोन ठेकेदारांची.
पाणसळ ठेवली, बुडबुडा सरकला.
एक देश दुसऱ्यापेक्षा दोन सूत खाली.

गावी मी नि थोरला भाऊ
बांधावरच्या एका रतांब्यापायी नऊ वर्षं बोलत नाही.
मध्ये पाचर कुणी मारली,
आता दोघांनाही धड आठवत नसेल.

उरल्या सागातून बोटभर पाचर तासली,
गुडघ्यांवर बसून पायाखाली सरकवली,
हातोडी न वापरता, तळव्यानं.
तेवढ्यात टेबल बसलं.
दोघांनी एकदमच कोपरं टेकून बघितली.

कुणाच्या बाजूला घातलीस, हिलालसाहेबांनी विचारलं.
मी पाणसळ पुढे केली.
बुडबुडा मधोमध होता.

मग हत्यारं गोळा केली
आणि घरी जायला
पासपोर्ट काढून रांगेत उभा राहिलो.