इतर, स्पष्ट करा

ग्रंथालयाने कागद दिलाय भरायला.
अभ्यासासाठी माहिती कुठून घेता?
योग्य त्या चौकटीत खूण करा.

पाठ्यपुस्तक. हो.
बाबांनी खोर ख्वैरच्या सिमेंट कारखान्यातल्या
दोन महिन्यांच्या ओव्हरटाइममधून आणलेलं.
पहिलं प्रकरण हायलायटरने पिवळंजर्द,
बाकीच्याला अजून दुकानाचा वास.

नोट्स. हो. नखीलमधल्या शाजीच्या झेरॉक्समधून.
कुठली परीक्षा जवळ आली ते त्याला आमच्याआधी कळतं.
"यकृत संपलं, उद्या ये," म्हणतो.
मूळ अक्षर हुदाचं, ती पास होऊन सलालाला गेली,
पण तिची एक चूक इथेच राहिली.
दरवर्षी आम्ही ती इमानाने उतरवतो
आणि सगळ्यांचा अर्धा मार्क जातो.

व्हिडिओ. दीडपट वेगाने.
त्यामुळे हल्ली समोर उभी असलेली माणसं
फार सावकाश बोलतात असं वाटतं.

ग्रुप. रात्री अडीचला मर्वा विचारते, हे येणार आहे का?
चाळीस अंगठे उठतात. उत्तर कुणीच देत नाही.

चॅटबॉट.
खूण केली, खोडली, परत केली.
"माहीत नाही" हे त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही,
आमच्या आत्याच्याही नाही.

काल वॉर्ड चारमध्ये दादरहमान.
बलोच, ऐंशीला टेकलेला, जन्म मासेमारीत गेलेला.
त्याच्या हृदयाची झडप गळते.
तो आवाज मी इअरफोनवर दोनशेदा ऐकलाय,
स्वच्छ, मागे कुणी खोकत नाही असा.
इथे एसीची घरघर, ट्रॉलीची चाकं, शेजारच्याचा मोबाइल,
आणि छातीवरच्या पांढऱ्या केसांत माझा स्टेथोस्कोप
डोंगरात चुकलेल्या शेळीसारखा.
ऐकू आल्यासारखी मी मान हलवली.

म्हातारा हसला.
माझं मनगट धरून चकती सरकवली
छातीच्या हाडाच्या डाव्या काठाशी, जरा खाली.
उठून बसला, पुढे वाकला,
सगळा श्वास सोडून दिला
आणि थांबला,
जाळं टाकून थांबत असेल तसा.

आला.
मऊ, लांबत विरत जाणारा,
ओहोटीचं पाणी वाळू चाळत मागे सरतं, तसा.
"मिल गया?" त्याने विचारलं.
"सब को इधर ही मिलता है."

कागदावर शेवटची चौकट: इतर, स्पष्ट करा.
पुढे अर्ध्या बोटाची रेघ.
नाव लिहून पाहिलं, मावत नाही.
आणि वर्ष विचारलं तर?
जन्मसाल त्यालाच नक्की ठाऊक नाही.
समुद्र गावात शिरला ना, म्हणाला,
त्याच्या पुढच्या साली.

बुधवारी त्याला ऑपरेशनला नेणार आहेत.
कागद गुरुवारपर्यंत द्यायचाय.